सुरयाचं धाकटं

वैशाखात बेलघाटाला कृष्णा अंग चोरून वाहते. घाटाची शेवटची पायरी उतरलं की गुडघाभर पाणी, आणि ते ओलांडलं की नदीच्या पोटातच उघडं पडलेलं वाळूचं लांबरुंद बेट. गाव त्याला वाळवंट म्हणतं. वाळवंटाच्या एका टोकाला नाथाजी अंबी या नावाड्याचे कलिंगडाचे वाफे आणि त्याची खोप, दुसऱ्या टोकाला सुरय पाखरांची वस्ती. मधली वाळू मोकळी.

विष्णुपंत रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून, धोतर वर खोचून हे पाणी ओलांडत. खांद्यावर पंचा, एका हातात सोनाराकडून मागून आणलेला जुना तराजू आणि दुसऱ्या हातात डोक्यापेक्षा उंच धरलेली काठी. काठी कुणाला मारायला नव्हे. पिलांजवळ कुणी आलं की सुरय त्याच्या सगळ्यांत उंच टोकावर झडप घालतो. ते टोक आपलं डोकं नसावं, एवढ्यासाठी. काळी टोपी घातल्यासारखं डोकं, पिवळीजर्द चोच, तांबडे पाय आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. असं ते पाखरू ओरडत अंगावर आलं, की पंत काठी उंच धरून म्हणत, "हो हो, समजलं. तुमच्याच घरचा आहे मी."

हे काम त्यांच्याकडे आलं ते क्षमाबाईंमुळे. बाई सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. सुरयाचं पिल्लू कसं वाढतं, किती वेगानं वाढतं, हे त्यांना नीट पाहायचं होतं, म्हणून चैत्रात त्या नरसिंहाच्या देवळाच्या ओवरीत येऊन राहिल्या. पंतांची खोली त्याच ओवरीला लागून. बाई बाहेर निघाल्या की पंत नुसते पाहायला म्हणून मागे जाऊ लागले, मग तराजू धरू लागले. पिल्लू पंच्याच्या टोकात अलगद गुंडाळून पारड्यात ठेवायचं, दुसरीकडे तोळ्यांची वजनं; मग बांबूच्या पट्टीवर पंखाची लांबी. अवघड असं काही नव्हतं. फक्त हात थंड आणि मन थांबलेलं हवं.

अर्ध्यावर बाईंना वाईहून वडिलांच्या आजाराची तार आली.

"पंत, तुम्ही कराल का पुढचं?" निघताना त्यांनी विचारलं. "पिलं तुमच्या हातात हलत नाहीत. माझ्या हाताला तर चोची मारतात."

"तुमची नखं लागत असतील त्यांना," पंत म्हणाले. बाई हसल्या आणि गेल्या. तेव्हापासून पंत रोजची वजनं आपल्या खोलीच्या भिंतीवर गेरूनं लिहून ठेवीत होते. भिंत तांबडी होत चालली होती.

खरं सांगायचं तर हे काम आलं नसतं तर त्यांनी दिवस कसे काढले असते कोण जाणे. थोरले बंधू चिंतामणबुवा कार्तिकात गेले. बुवा कीर्तनकार. पंचक्रोशीत त्यांच्या कथेला माणूस पावसात उभा राहायचा. आणि बुवांच्या मागे, उजव्या हाताला, झांज घेऊन उभे असत ते विष्णुपंत. बुवांना ओळ अर्ध्यावर सोडून द्यायची सवय होती. ओळीचा पहिला भाग ते आपण म्हणायचे आणि उरलेला हवेत टाकायचे, मागे वळून न बघता. आणि पंत तो झेलायचे. उभ्या जन्मात एकदाही ती ओळ जमिनीवर पडली नाही. ह्या धांदलीत पंतांचं लग्न राहून गेलं आणि त्याची आठवणही कुणाला झाली नाही.

आता यंदाच्या नरसिंहाच्या उत्सवाला वाईचे बुवा येणार होते. त्यांची साथ त्यांची स्वतःची, तरुण मुलं. पंतांना कुणी नको म्हटलं नव्हतं. नुसती जागा उरली नव्हती.

उत्सवाच्या पहिल्याच सकाळी तात्याबा पाटील वाळवंटात आले. उत्सवाचा सगळा भार त्यांच्यावर असे. संगती त्यांचा पोरगा जोतीराम, ब्रह्मदेशाच्या लढाईवरून फाल्गुनात परत आलेला. डावा पाय जरा ओढत चालायचा. बापलेकांच्या खांद्यावर मांडवाचे वासे होते.

पंत तराजू खाली ठेवून उठले. कारण त्यांना ठाऊक होतं वासे कुठं पडणार.

पुनवेच्या सकाळी काल्याचं कीर्तन होई, ते ह्या वाळवंटात. आणि तेही कुठंही नव्हे. देवळाचं दार नदीकडे. गाभाऱ्यातल्या नरसिंहाची नजर दारातून, घाटावरून, पाण्यावरून सरळ येते आणि वाळूत जिथं टेकते तिथंच काल्याची हंडी बांधायची. देवाला काला दिसला पाहिजे. हातभर इकडं नाही की तिकडं नाही.

आणि बरोबर त्याच जागी, मोकळ्या वाळूत, एक पिल्लू बसलं होतं.

बाकीची वस्ती तिकडे टोकाला होती, आणि तिथली बहुतेक पिलं आता उडूही लागली होती. पण एका जोडीची पहिली अंडी गुरांच्या पायाखाली गेली. त्या जोडीनं वस्ती सोडली, इथं एकट्यानं वाळूत खळगा केला आणि उशिरानं एकच अंडं घातलं. त्याचं हे पिल्लू. वाळूच्याच रंगाचं, वाळूसारखेच ठिपके. हललं नाही तर पाय पडेपर्यंत दिसायचं नाही. पंत त्याला धाकटं म्हणत. दोनदा त्यांनी धाकट्याला उचलून लांब नेऊन ठेवलं होतं. दोन्ही वेळा ते तुरुतुरु चालत आपल्या खळग्यात येऊन बसलं होतं.

"काय पंत, पाखरांस्नी कथा सांगताय व्हय?" तात्याबा वासा खाली ठेवत म्हणाले.

"ती कुठं ऐकतात? सगळी एका वेळी बोलतात."

"मंग आमच्या पंचांत अन् त्यांच्यात काय फरक न्हाई."

जोतीराम हसला. पंतही हसले, पण वासा धाकट्याच्या खळग्यापासून फार लांब नव्हता. त्यांनी तिकडे बोट केलं. तात्याबांना आधी काही दिसेना. मग वाळूतला एक ठिपका हलला.

"आत्तं गं. हे कशाला बसलंय हितं?"

"उशिरा जन्मलं. अजून उडता येत नाही त्याला. पुनवेपर्यंत मांडव नका घालू, तात्याबा. वासे घाटावरच असू द्या."

 तात्याबांनी खाली बसून वाळू मुठीत घेतली. "पंत, तुमाला ठावं हाय. ह्याच्या आईनं हितंच पदर पसरला हुता. पोरगं माघारी येऊ दे, त्याच्या हातनं काल्याची हंडी फोडीन म्हणून. बुवा हुतं तवा. तुमी हुता. नारळ तुमच्याच हातात दिला हुता की."

"होता," पंत म्हणाले.

"मंग? आता एका पिलासाटनं देवाला सांगू, काला पल्याड सरकवलाय, मान वाकडी करून बघ म्हणून?"

 जोतीरामच्या आईनं, साळूबाईंनी, पदर पसरला तेव्हा पंतांचेही डोळे भरून आले होते. कितीतरी महिने पलटणीकडून पोराची काही खबर नव्हती. त्या नवसाच्या आड आपण कसं यायचं?

"मांडव पुनवेच्या पहाटं घालू," शेवटी तात्याबाच म्हणाले. "तवर काय उडायचं ते उडू दे. पर पुनवंला गाव येणार, पंत. कुत्री येणार, पोरं येणार. मला कुणाला आडवता येणार न्हाई."

"उडेल तोवर," पंत म्हणाले. आणि म्हणून टाकल्यावर त्यांना वाटलं, आपण हे कुणाच्या जोरावर म्हणालो?

त्या दिवसापासून ते सकाळपासून कीर्तन संपेपर्यंत वाळवंटातच राहू लागले; खोलीवर जात ते झोपण्यापुरतेच. सकाळी वजन, मग नाथाजीच्या खोपीच्या सावलीत बसून पहारा. कुत्रं दिसलं की काठी आपटायची. दिवेलागणीला देवळात कीर्तन उभं राही आणि जन्मात पहिल्यांदा पंत उत्सवाच्या कीर्तनाला नसत. पण पाण्यावरून आवाज चांगला यायचा. वाईच्या बुवांचा गळा गोड होता, पूर्वरंगही विचाराचा होता. पंतांनी मनात तेवढं कबूल केलं. मात्र बुवांनी ओळ टाकली की मागची मुलं ती उचलायला क्षणभर उशीर करीत. तो एक क्षण पंतांना सोसत नसे. इकडे वाळूत बसल्या बसल्या ते ती ओळ हलक्या आवाजात उचलून देत. पाण्याच्या पल्याड कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

धाकटं वाढत होतं. पिसं फुटली, पंखांवर करडा रंग चढला, शेपटीला खाच पडली. आई नाहीतर बाप चोचीत चांदीच्या तुकड्यासारखा मासा घेऊन यायचा आणि ते मान वर करून ओरडायचं. भिंतीवर गेरूचे आकडे रोज वर चढत होते. पंतांच्या मनातही काहीतरी चढत होतं.

आणि मग एका सकाळी पारडं वर गेलं.

पंतांना वाटलं, वाऱ्यानं. त्यांनी पुन्हा तोललं. धाकटं कालच्यापेक्षा हलकं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी हलकं. आई मासा घेऊन येई, पण धाकट्याच्या चोचीत देण्याऐवजी वरच्यावर घिरट्या घालून निघून जाई, कधी स्वतःच गिळून टाकी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुनव तर दोन दिवसांवर आली.

पंत घाबरले. माझ्या पहाऱ्यामुळे आईबाप जवळ येत नाहीत का? की पिलाला रोग झाला? वाईला क्षमाबाईंना लिहून विचारायला वेळ नव्हता. मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्या घरात आजाऱ्याला पिढ्यान् पिढ्या करत आले. देवळात गेले, नैवेद्याचा दूधभात मागून आणला, बोटानं मऊ कालवला आणि धाकट्याची चोच उघडून आत घातला.

धाकट्यानं तो त्यांच्याच पंच्यावर ओकून टाकला.

कलिंगडाच्या वाफ्यातून नाथाजी हे बघत होता. तो पोट धरून हसला. "आवं पंत, काय करताय ह्ये? त्येच्या गळ्यात माळ हाय व्हय? मासं खानारी जात ती. दूधभातानं मरंल की."

"प्रसाद होता रे."

"परसाद असंल. त्येला म्हायत हाय का?"

पंत पंचा धूत बसले. पाण्यात हात घोळवता घोळवता म्हणाले, "नाथाजी, एक लहानसा मासा देतोस?"

नाथाजीचं हसू थांबलं. पंतांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांच्या घरात मासळीचं नावही कुणी काढत नसे. "मी घालतो की त्येला," तो म्हणाला. "तुमी कशाला हात लावताय?"

"तुझ्या हाताला हलतं ते. माझी त्याला सवय आहे."

नाथाजीनं जाळ्यातून बोटाएवढा मासा काढून पानावर ठेवला. तो अजून वळवळत होता. पंतांनी माळ काढून धोतराच्या सोग्याच्या गाठीत बांधली, डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि तो मासा उचलला. थंड, बुळबुळीत, जिवंत.  त्यांनी तो धाकट्यासमोर धरला.

धाकट्यानं मासा पाहिला, पंतांना पाहिलं आणि मान फिरवली.

पुन्हा धरला. त्यानं पुन्हा मान फिरवली. मग ते उठून उभं राहिलं, दोन्ही पंख ताणून उघडले आणि जागच्या जागी जोरजोरात फडफडवू लागलं. वाळू उडून पंतांच्या तोंडावर आली.

"भूक न्हाई त्येला," नाथाजी म्हणाला. "भुकेजलेलं असं तोंड फिरवत न्हाई."

पंतांनी मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर आडवा तरंगला आणि मग गेला. हात वाळूनं घासत ते तिथंच बसून राहिले. आणि बसल्या बसल्या त्यांना बुवा आठवले. कीर्तनाच्या दिवशी बुवा सकाळपासून काही घेत नसत. वहिनी होत्या तोवर त्या भांडायच्या. रात्री जागायचं, दोन-दोन तास उभं राहायचं, आणि पोटात काही नाही म्हणजे काय? बुवा ताकाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, भरल्या पोटी आवाज वर चढत नाही गं. दुपारपासून येरझाऱ्या सुरू. खांदे झटकायचे, हात ताणायचे. घरातल्या कुणाशी बोलायचे नाहीत. पहिली काही वर्षं पंतांना वाटायचं, दादा आजारी आहे.

समोर धाकटं पंख फडफडवत होतं.

खरं असेल की नुसतं आपलं मन असं म्हणतंय, हे त्यांना ठरवता येईना. पण त्यानंतर त्यांनी त्याच्या तोंडाशी काही धरलं नाही.

चतुर्दशीला दिवस मावळताना नरसिंहाचा जन्म. त्या वेळेला मात्र पंत देवळात गेले. गुलाल उधळला, पाळणा झाला. गर्दी पांगू लागल्यावर त्यांनी सभामंडपाच्या खांबापाशी तात्याबांना गाठलं. साळूबाई आणि जोतीराम शेजारीच उभे होते.

"उडालं का तुमचं?" तात्याबांनी विचारलं.

"नाही. पण उडेल. उद्या उडेल असं वाटतं."

"वाटतं म्हंजी?"

"वजन उतरतंय त्याचं."

तात्याबांनी बायकोकडे बघितलं. "वजन उतरतंय म्हणून उडंल? पंत, माणसाचं वजन उतरलं की आपून काय म्हणतो?"

"माझं एवढंच मागणं आहे," पंत म्हणाले.  इतकी वर्षं ते बुवांच्या मागे उभे राहिले होते; पुढे होऊन काही मागायची सवय नव्हती. "काला तिथंच होऊ दे. देवाच्या नजरेसमोर. पण सकाळी दिंडी पाण्याकाठी थोडी थांबवा. टाळ-झांज नको, गलका नको, मांडवही मागाहूनच घाला. कुत्री आवरा. मी एकटा पुढं जातो. गाव पाण्याकाठी उभं आहे आणि मी त्याच्यापाशी आहे, एवढ्यात उडालं तर उडालं."

"आन् न्हाई उडालं तर?"

"तर मी त्याला उचलून घेऊन बाजूला होतो. मग त्याचं नशीब."

"सारं गाव ऊन खात हुबं करू? एका पिलासाटनं?"

"थांबंल की गाव," साळूबाई म्हणाल्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. "मी न्हाई थांबले व्हय?"

जोतीरामनं वडलांच्या हातातलं अबीर-बुक्क्याचं ताट घेतलं. "लय वेळ न्हाई लागायचा, आबा," तो म्हणाला. "फौजंत आमी दीस-दीसभर उगाच हुबं असायचू."

तात्याबांनी नकारही दिला नाही आणि होकारही. नुसतं म्हणाले, "सकाळच्याला बघू."

पण सकाळी दिंडी खरोखर पाण्याकाठी थांबली. घाटाच्या शेवटच्या पायरीवर सगळं बेलघाट उभं होतं. बायकांच्या डोईवर दह्याच्या घागरी, लाह्यांच्या दुरड्या, पोरं धरून ठेवलेली, कुत्री दाव्यानं बांधलेली. वाईचे बुवा चिपळ्या छातीशी धरून उभे. एवढं गाव आणि एक आवाज नाही.

पंत पाण्यात उतरले. तराजू त्यांनी सवयीनं घेतला होता. पाठीवर सगळ्या गावाचे डोळे होते आणि पुढे मोकळी वाळू. आपल्या पायांनी पाणी कापल्याचा आवाज त्यांना फार मोठा वाटला.

त्यांनी काठी उंच धरली. वरून कुणी झडप घातली नाही.

ते खळग्यापाशी आले. खळगा रिकामा होता. कडेला एक पिसाचा कापूस अडकला होता, तेवढाच.  पंत खाली बसले आणि वाळू निरखू लागले. कोल्ह्याचा पाय नाही. कुत्र्याचा नाही. पहाटेच्या दवानं वाळू दमट झाली होती आणि तिच्यावर एकच माग होता. तीन बोटांचा, बारीक. खळग्यातून निघून पाण्याच्या दिशेनं गेलेला. आधी पावलं जवळजवळ होती. मग लांब पडू लागली. मग आणखी लांब, आणि दोन्ही अंगांना वाळूवर झाडूचं टोक फिरवावं तशा रेघा.

आणि पाणी हातभर अंतरावर असताना पावलं संपली.

पुढे नुसती वाळू होती, सपाट, ओली, कुणीही पाऊल न टाकलेली.

पंत त्या शेवटच्या पावलापाशी बराच वेळ बसले. नदीच्या वळणावर पुष्कळ सुरय उडत होते, एकमेकांना ओरडून हाका मारत होते. त्यांतलं धाकटं कुठलं, आई कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. इतके दिवस रोज तोललं, सांभाळलं, आणि उडालं तेव्हा वाळवंटात कुणीच नव्हतं. पंतही नव्हते. ते चांगलं झालं, असं त्यांनी मनाला सांगितलं. मन लगेच ऐकेना.

त्यांनी उठून गावाकडे तोंड केलं आणि हात वर केला.

झांजा कडाडल्या. सगळा गलका एकदम पाण्यात उतरला. बघता बघता वासे रोवले गेले, हंडी चढली. लोक येत होते तसे पंत त्या मागावर पाय देऊ नका, बाजूनं जा, असं म्हणत राहिले. पण कुणाकुणाला सांगणार? माग मधून पुसत पुसत गेला. शेवटी ते एकट्या शेवटच्या पावलापाशी उभे राहिले. मग साळूबाई दह्याची घागर घेऊन तिथंच आल्या, तेव्हा तेही बाजूला झाले.

"उडालं?" तात्याबांनी विचारलं.

"पहाटेच गेलं. आपण येण्याआधी."

"म्हंजी आमी उगाच हुबं ऱ्हायलो."

"हो," पंत म्हणाले. तात्याबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला बुक्का लावला.

जोतीरामनं हंडी फोडली. साळूबाई दह्यात भिजल्या आणि रडल्या. वाईच्या बुवांनी काल्याचं आख्यान धरलं, पहिली ओळ म्हटली आणि दुसरी अर्ध्यावर सोडली. मागच्या मुलांना नेहमीचा तो क्षणभर उशीर झाला.

मांडवाच्या कडेला, हातात रिकामा तराजू घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं ती ओळ उचलून दिली. या वेळी मधे पाणी नव्हतं. बुवांनी मागे वळून पाहिलं, कोण ते त्यांना गर्दीत दिसलं नाही, आणि ते पुढच्या ओळीला गेले.